सेनासाहेब सुभा आणि पाँडिचेरीचा नवाब

२०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात एक तलवार विक्रीला निघाली. महाराष्ट्र सरकारने ती ४७ लाख १५ हजार रुपये मोजून घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आणली. पातं सरळ, एकधारी, युरोपात घडवलेलं. मूठ मुल्हेरी घाटाची, तिच्यावर सोन्याचं नक्षीकाम. पात्याच्या पाठीवर देवनागरीत, सोन्याने भरलेली अक्षरं: श्रीमंत रघोजी भोसले, सेनासाहेब सुभा, फिरंग. फिरंग म्हणजे विलायती पात्याची तलवार. नागपूरच्या भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी यांच्या नावाची ही तलवार.

या ओळीतल्या मधल्या दोन शब्दांकडे बहुतेकांचं लक्ष गेलं नाही. बातम्यांत तलवारीची किंमत आली, मूठ आली, पातं आलं. ‘सेनासाहेब सुभा’ मात्र नावापुढचा एखादा मानाचा शब्द असावा तसा वाचला गेला. माझ्या मते त्या ओळीतला सगळ्यांत वजनदार भाग तोच आहे. नागपूरचं राज्य त्याच दोन शब्दांवर उभं राहिलं, त्यांच्यापायी भावाने भावावर गोळी झाडली, आणि ज्यांच्याकडे हे शब्द होते त्या रघूजींना अडवल्याबद्दल पाँडिचेरीच्या एका फ्रेंच गव्हर्नराला दिल्लीच्या बादशहाने नवाब केलं. हिंदुस्थानात फ्रेंच अधिकाऱ्यांना सरदारकी आणि नवाबी मिळण्याची जी मालिका पुढे साठ वर्षं चालली, तिच्या सुरुवातीलाच नागपूरचं नाव आहे.

आधी सेनासाहेब सुभा म्हणजे काय, ते पाहू. शाहू महाराजांच्या दरबारात असे किताब बरेच होते. दाभाडे सेनापती, गायकवाड सेनाखासखेल, आंग्रे सरखेल, शिवाय सरलष्कर आणि प्रतिनिधी वेगळे. किताब देताना नुसतं नाव पुकारून भागत नसे. मानाची वस्त्रं दिली जात, शिक्का आणि सनद दिली जात, कुणाला जरीपटका, कुणाला नौबत. सनदेत कामाचा तपशील असे: अमुक प्रांतात चौथाई आणि सरदेशमुखी वसूल करायची, त्यातून इतकी फौज बाळगायची, हुजुरातीतून बोलावणं आलं की ती घेऊन हजर व्हायचं. म्हणजे किताबाबरोबर पगार येत नव्हता, पगार कमावण्याचा हक्क येत होता. वऱ्हाड, गोंडवन आणि त्याच्या पूर्वेचा मुलूख हा भोसल्यांचा वाटा. तो कागदावर मिळाला तेव्हा त्यातला बराच भाग दुसऱ्यांच्या ताब्यात होता. हातात तलवार असेल त्यानेच ती सनद वटवायची, असा तो रोखठोक व्यवहार होता.

हा किताब आधी परसोजी भोसल्यांकडे, मग त्यांचे चिरंजीव कान्होजी यांच्याकडे होता. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेत आले तेव्हा त्यांच्या बाजूला येणाऱ्या पहिल्या मोठ्या सरदारांत परसोजी होते, त्याचं हे फळ. कान्होजींचं पुढे साताऱ्याशी बिनसलं. पुतण्या रघूजींना महाराजांनी त्यांच्यावर पाठवलं. वणीजवळ कान्होजी सापडले आणि किताब रघूजींकडे आला. रघूजी महाराजांच्या नात्यातले आणि मर्जीतले. पण मर्जीवर नागपूर मिळालं नाही. देवगडच्या गोंड राजघराण्यात वारसाचं भांडण लागलं, त्यात रघूजी मध्यस्थ म्हणून शिरले आणि १७४३ च्या सुमारास बख्त बुलंद शहाने वसवलेल्या नागपुरात कायमचे स्थिरावले. गोंड राजांचा मान त्यांनी शेवटपर्यंत राखला, हेही सांगायला हवं.

ज्या मोहिमेमुळे फ्रेंच नवाबी जन्माला आली ती याच्या तीन वर्षं आधीची. १७४० साली रघूजी आणि अक्कलकोटचे फत्तेसिंह भोसले पन्नास हजारांच्या आसपास फौज घेऊन कर्नाटकात उतरले. तेव्हाचं कर्नाटक म्हणजे आजच्या तमिळनाडूचा उत्तर आणि पूर्व भाग, राजधानी अर्काट. तिथला नवाब दोस्त अली आणि त्याचा जावई चंदासाहेब यांनी त्रिचनापल्ली घेतली होती आणि तंजावरच्या मराठी राज्याला त्यांचा जाच सुरू होता. मे महिन्यात दामलचेरीच्या खिंडीत गाठ पडली. नवाब समोरच्या वाटेकडे तोंड करून बसला होता, मराठे दुसऱ्या वाटेने आत शिरून त्याच्या पाठीवर आले. दोस्त अली हत्तीवर बसून लढता लढता मारला गेला. त्याचा मुलगा सफदर अली याने मोठी खंडणी कबूल करून तह केला.

अर्काटच्या जनानखान्यात हाहाकार उडाला. नवाबाची विधवा, लेकीसुना, जडजवाहीर, हत्ती-उंट असा सगळा काफिला समुद्राच्या दिशेने निघाला आणि पाँडिचेरीच्या वेशीपाशी येऊन थांबला. आत फ्रेंच कंपनीचा गव्हर्नर बेन्वा द्युमा होता. त्याच्यापुढचा पेच साधा नव्हता. वेस उघडली तर मराठे अंगावर येणार. नाही उघडली तर उद्या अर्काटची गादी परत उभी राहिली की फ्रेंचांचा व्यापार संपला. द्युमाने सल्लागार मंडळ बोलावलं, वेस उघडली, आणि नवाबाच्या विधवेला तोफांच्या सलामीसह आत घेतलं. चंदासाहेबाची बायको आणि मुलगाही तिथेच आले.

मधल्या काळात थोरले बाजीराव वारले. नवा पेशवा कोण, हा प्रश्न साताऱ्यात उभा राहिला आणि रघूजी तिकडे धावले. बाबूजी नाईकांना पेशवाई मिळावी, अशी त्यांची खटपट होती. ती साधली नाही. ते परत दक्षिणेत गेले, त्रिचनापल्लीला वेढा घातला आणि मार्च १७४१ मध्ये ती घेतली. चंदासाहेब कैद झाला आणि त्याला साताऱ्याला नेण्यात आलं. त्रिचनापल्लीचा कारभार मुरारराव घोरपड्यांकडे सोपवला गेला.

आता उरली पाँडिचेरी. रघूजींची मागणी अशी, की चंदासाहेबाची बायको, मुलगा आणि त्याचा खजिना आमच्या हवाली करा आणि इतक्या वर्षांची थकलेली खंडणी भरा. मराठ्यांच्या बाजूने या मागणीला आधार होता. पाँडिचेरीची वखार उभी राहिली त्या सुरुवातीच्या काळात, शिवाजी महाराजांच्या दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, फ्रेंच कंपनीच्या फ्रान्स्वा मार्टिनने महाराजांकडून अभय मिळवलं होतं. त्या मुलखावरचा आपला हक्क मराठे कधी विसरले नव्हते. द्युमाचं उत्तर आलं: पैसे देणार नाही, आणि आसऱ्याला आलेल्या बायकामुलांना एकही फ्रेंच माणूस जिवंत असेपर्यंत सोडणार नाही. त्याने तटबंदी दुरुस्त केली, धान्य भरलं, जहाजांवरचे खलाशी उतरवून तोफांवर उभे केले. मराठ्यांनी पोर्तो नोव्हो लुटलं, पण पाँडिचेरीवर थेट हल्ला केला नाही.

पुढे काय घडलं, ते फ्रेंच बाजूच्या बखरकारांनी फार रंगवून सांगितलं आहे. रघूजींचा वकील पाँडिचेरीत बोलणी करायला गेला. द्युमाने त्याला मुद्दाम तटावरून फिरवलं, तोफा दाखवल्या, कवायत दाखवली. निरोप देताना नॉंत शहराच्या गोड मद्याच्या काही बाटल्या भेट दिल्या. वकिलाने त्या छावणीत रघूजींना नजर केल्या आणि तिथून त्या राणीवशात गेल्या. तिथे ते पेय इतकं आवडलं, की अजून मिळावं म्हणून हट्ट सुरू झाला. फ्रेंचांकडे मागायचं म्हणजे त्यांच्याशी सलोखा हवा. द्युमाने आणखी बाटल्या पाठवल्या आणि रघूजींची फौज परत फिरली, अशी ही कथा.

बाटल्या गेल्या असतील, आवडल्याही असतील. पण पन्नास हजारांची फौज त्यापायी परत फिरली हे मला पटत नाही. रघूजींचा हिशेब वेगळा होता. समुद्राकडून रसद येणारा किल्ला घेरायला आरमार लागतं, जड तोफा लागतात, आणि यांची फौज सगळी घोड्यावरची. पावसाळा तोंडावर आला होता. चंदासाहेब आधीच हाती होता. आणि साताऱ्यात बाळाजी बाजीराव पेशवे झाल्यावर वऱ्हाडापासून बंगालपर्यंतचा मुलूख कुणाच्या वाट्याचा, हा वाद रघूजींना फार महत्त्वाचा होता. पुढल्याच वर्षी भास्करराम कोल्हटकर रघूजींची फौज घेऊन बंगालात शिरले, यावरून त्यांचं मन कुठे होतं ते कळतं. दहा वर्षांनी, १७५१ मध्ये, अलीवर्दी खानाने ओरिसा सोडला आणि बंगालची चौथाई म्हणून सालाना बारा लाख रुपये कबूल केले. पाँडिचेरीच्या वेढ्यातून इतकं कधीच मिळालं नसतं.

कारण काहीही असो, दक्षिणेत बातमी पसरली ती एवढीच: ज्यांनी दोस्त अलीला मारलं आणि चंदासाहेबाला धरून नेलं, त्या मराठ्यांना एका फिरंग्याने नाही म्हटलं, आणि ते परत गेले. द्युमाचा भाव एका रात्रीत वाढला. निजामाने त्याला पोशाख पाठवला. सफदर अलीने आपल्या बापाचं सोन्याने मढवलेलं चिलखत, हत्ती आणि घोडे दिले. आणि दिल्लीहून महंमदशहा बादशहाने त्याला नवाब हा किताब आणि साडेचार हजारी मनसब दिली.

नेमकं काय दिलं, हे इथे थांबून पाहण्यासारखं आहे. मनसब म्हणजे मोगली दरबारातला दर्जा, आणि तो घोडेस्वारांच्या आकड्यात मोजला जाई. महंमदशहाकडे तेव्हा स्वतःचे साडेचार हजार स्वार पाँडिचेरीला पाठवण्याची ताकद नव्हती. नादिरशहाने दोनच वर्षांपूर्वी, १७३९ मध्ये, दिल्ली लुटून नेली होती. बादशहाने कागद दिला. पण त्या कागदाने द्युमा व्यापारी कंपनीच्या गुमास्त्याचा मोगल साम्राज्याचा अंमलदार झाला. दक्षिणेतल्या नवाबाशी तो आता अर्ज घेऊन जाणारा सौदागर म्हणून बोलणार नव्हता, बरोबरीचा सरदार म्हणून बोलणार होता. नागपूरच्या भोसल्यांकडे छत्रपतींची सनद होती, पाँडिचेरीकडे बादशहाची. सातारा आणि दिल्ली या दोन्ही गाद्यांची मनगटं थकत चालली होती, पण त्यांच्या शिक्क्याशिवाय कुणालाही पुढे पाऊल टाकता येत नव्हतं. अठराव्या शतकातल्या हिंदुस्थानचं राजकारण समजून घ्यायचं तर ही गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. सत्ता एकीकडे होती आणि हक्क दुसरीकडे. सत्ता असलेला प्रत्येक जण हक्काच्या शोधात होता.

द्युमाने आणखी एक फार दूरदृष्टीची गोष्ट केली. नवाबी आपल्या एकट्याच्या नावावर न राहता पाँडिचेरीच्या पुढच्या गव्हर्नरांनाही मिळावी, अशी विनंती त्याने केली आणि ती मान्य झाली. १७४१ च्या अखेरीस तो फ्रान्सला परत गेला. जानेवारी १७४२ मध्ये जोसेफ फ्रान्स्वा डुप्ले त्याच्या जागी आला आणि आल्या आल्या नवाब झाला. किताब माणसाबरोबर गेला नाही, खुर्चीला चिकटून राहिला.

डुप्लेने त्याचं काय केलं, ते सर्वांना ठाऊक आहे. डिसेंबर १७५० मध्ये पाँडिचेरीत मोठा दरबार भरला. निजामाच्या गादीवर हक्क सांगणारा मुजफ्फरजंग फ्रेंच फौजेच्या जोरावर गादीवर बसला होता आणि उपकारांची फेड करत होता. डुप्ले मोगली पोशाखात दरबारात आला. त्याला जफरजंग हा किताब मिळाला, सात हजारी मनसब, माही मरातिब म्हणजे माशाचं निशाण, वळुदावूरची जहागीर, आणि कृष्णेच्या दक्षिणेकडच्या मुलखाची नवाबी. त्याचा दुभाषी आनंद रंग पिळ्ळै रोजनिशी लिहीत असे. पाँडिचेरीत कोण कुणाला किती पावलं सामोरं गेलं, कुणाला विडा मिळाला, कुणाला शाल, याच्या बारीक नोंदी तिच्यात सापडतात. या नोंदी वाचताना लक्षात येतं, की या माणसांच्या लेखी असा तपशील हाच राजकारणाचा गाभा होता.

मुजफ्फरजंग मात्र दोन महिन्यांत मारला गेला. किताब देणारा गेला, किताब राहिला. त्याच्याबरोबर कूच करणाऱ्या बुसी या फ्रेंच सेनानीने तिथल्या तिथे सलाबतजंगाला गादीवर बसवलं आणि पुढची सात वर्षं औरंगाबाद-हैदराबादच्या दरबारावर त्याची छाया राहिली. निजामाच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या गाजीउद्दिनाच्या धामधुमीत रघूजींनी पूर्वेकडून गाविलगड आणि नरनाळा घेतले, तेव्हा त्यांच्या समोर उभी असलेली ताकद हीच होती. बुसीलाही सैफुद्दौला, उमदतुल्मुल्क असे किताब मिळाले. त्याने त्यांच्यापेक्षा एक मोलाची गोष्ट मागून घेतली. आपल्या पलटणींच्या पगारासाठी १७५३ मध्ये त्याने निजामाकडून उत्तर सरकारांचे चार जिल्हे लावून घेतले. हा माणूस मराठ्यांचं शास्त्र पुरतं शिकला होता: किताबाला मुलूख जोडलेला नसेल, तर त्यातून शिपायाची पोटगी निघत नाही. डुप्लेला फ्रान्सच्या राजाने मार्क्विस केलं, पण १७५४ मध्ये परत बोलावलं. कंपनीसाठी पदरचे पैसे घातले होते, ते मागत त्याची शेवटची वर्षं गेली आणि १७६३ मध्ये तो पॅरिसमध्ये कर्जात वारला.

पाँडिचेरीत किताब खुर्चीला चिकटला, नागपुरात तो घराला चिकटला. त्याचे परिणाम नागपूरने भोगले. रघूजी फेब्रुवारी १७५५ मध्ये वारले. त्यांचे मुलगे जानोजी आणि मुधोजी यांच्यात वाद लागला. जानोजी वयाने मोठे, मुधोजी थोरल्या राणीचे. निवाडा पुण्याला गेला. पेशव्यांनी मोठा नजराणा घेऊन जानोजींना सेनासाहेब सुभा केलं आणि मुधोजींची समजूत घालायला सेनाधुरंधर असा वेगळा किताब देऊन चांद्याचा मुलूख दिला. शाहू महाराज गेल्यावर छत्रपतींच्या किताबांची किल्ली पेशव्यांच्या हाती आली होती, ती अशी वापरली गेली. किताबाच्या बदल्यात पैसा तर मिळालाच, शिवाय नागपूरचं बळ दोन घरांत विभागलं गेलं.

जानोजींना मूल नव्हतं. मुधोजींचे चिरंजीव दुसरे रघूजी यांना त्यांनी दत्तक मानलं होतं. १७७२ मध्ये ते वारले आणि त्यांच्या विधवा दर्याबाई धाकटे दीर साबाजींच्या बाजूने उभ्या राहिल्या. यानंतरची तीन वर्षं वाचताना जीव कासावीस होतो. पुण्यात नारायणराव होते तेव्हा वस्त्रं साबाजींना. रघुनाथरावांच्या हाती सत्ता गेली की लहानग्या रघूजींना. बारभाईंचं कारस्थान उभं राहिलं की पुन्हा साबाजींना. पुण्याचं वारं फिरेल तसा नागपूरचा सेनासाहेब बदलत होता आणि प्रत्येक वेळी गावं जळत होती. २६ जानेवारी १७७५ रोजी उमरेडच्या वाटेवर पाचगावला दोघे भाऊ समोरासमोर आले. दिवस साबाजींचा होता. मुधोजी आपल्या लोकांपासून तुटून एकटे पडलेले दिसताच साबाजींनी हत्ती पुढे घातला आणि शरण ये म्हणून हाक दिली. मुधोजींनी जवळूनच गोळी झाडली. साबाजी हत्तीवरच कोसळले आणि सेनासाहेब सुभा हा किताब दुसऱ्या रघूजींकडे कायमचा आला. नागपूर-उमरेड रस्त्यावरून रोज शेकडो गाड्या जातात. पाचगावला या लढाईची साधी माहिती देणारा एखादा दगड असायला हवा, असं मला फार वाटतं.

हिंदुस्थानातले किताब असे; खुद्द फ्रान्समध्ये सेनापतींना सरदारक्या कशा मिळत? जुन्या राजवटीत मोठं लष्करी पद आणि उमराव घराणं ही जोडी सहसा फुटत नसे. बुद्धी असून कुळ नसलेला माणूस हाताखालीच राहायचा. हिंदुस्थानात नशीब काढायला आलेल्या कित्येक फ्रेंचांच्या मागे हेच कारण होतं. क्रांतीने उमरावकी मोडली. मग नेपोलियनने ती नव्याने घडवली, या वेळी तलवारीच्या जोरावर. १ मार्च १८०८ च्या फर्मानाने ड्यूक, काउंट, बॅरन असे दर्जे ठरले. किताब मुलाला द्यायचा असेल तर त्याला ठरावीक उत्पन्नाची अविभाज्य मालमत्ता जोडावी लागे: ड्यूकला दोन लाख फ्रँक, काउंटला तीस हजार, बॅरनला पंधरा हजार. मार्शलांचे किताब लढायांच्या नावांवरून पडले. मासेना रिव्होलीचा ड्यूक आणि मग एस्लिंगचा प्रिन्स, दावू औअरश्टेटचा ड्यूक, ने एल्चिंगनचा ड्यूक आणि पुढे मॉस्कोव्हाचा प्रिन्स. ने लाकडी पिंपं बनवणाऱ्याचा मुलगा, मासेना पोरका, लहानपणी जहाजावर कामाला लागलेला.

डान्झिगचा ड्यूक लफेव्र याची एक हकीकत सांगतात. जुना मित्र त्याच्या वाड्याचं वैभव पाहून हेवा करू लागला. लफेव्र म्हणाला, चल अंगणात, तीस पावलांवरून तुझ्यावर वीस गोळ्या झाडतो, वाचलास तर हे सगळं तुझं. मित्र मागे सरला. मग लफेव्रने सांगितलं, की हे मिळेपर्यंत माझ्यावर याच्या कितीतरी पट गोळ्या याहून जवळून झाडल्या गेल्या आहेत. ही हकीकत एखाद्या मराठा सरदाराच्या तोंडीही शोभली असती. आणखी एक साम्य फार बोलकं आहे. या ड्यूकांना लढाईच्या गावात इंचभर जमीन नसे. त्यांची उत्पन्नं लावून दिलेली असत पोलंड, वेस्टफालिया, इटली अशा जिंकलेल्या मुलखांवर. १८१४ मध्ये साम्राज्य कोसळलं, मुलूख गेला, उत्पन्नं गेली आणि नावं तेवढी उरली. वऱ्हाडची चौथाई गेल्यावर मराठा सरदारांच्या नावापुढच्या किताबांचंही तेच झालं.

मराठ्यांच्या चाकरीतला सर्वांत नावाजलेला ‘फ्रेंच’ सेनापती डी बॉयन हा जन्माने फ्रान्सचा नव्हताच. तो सॅव्हॉयमधल्या शाँबेरीचा, १७५१ चा जन्म, आणि ते गाव तेव्हा सार्डिनियाच्या राजाकडे होतं. फ्रान्सच्या आयरिश पलटणीत, मग रशियाकडून, मग तुर्कांच्या कैदेत, मग मद्रासला इंग्रज कंपनीकडे, असा तो फिरला. १७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी त्याला ठेवून घेतलं. दरमहा हजार रुपये आणि शिपायामागे आठ रुपये, हा करार. पाटण आणि मेडता या १७९० मधल्या लढायांत त्याच्या कवायती पलटणींनी राजपुतांचे हल्ले परतवले. महादजींनी त्याला दुआबातला मुलूख फौजेच्या खर्चासाठी लावून दिला, अलीगढ त्याचं ठाणं झालं. स्वतः महादजींकडे बादशहाची वकील-इ-मुतलकी होती, हा मोगल दरबारातला सर्वांत वरचा मान, तरी आपण पाटीलच म्हणवून घ्यायचं हा त्यांचा बाणा. डी बॉयन पैसा घेऊन युरोपला परतला. अठराव्या लुईने त्याला मार्शाल द काँ हा लष्करी दर्जा आणि सेंट लुईचा क्रॉस दिला आणि १८१६ मध्ये सार्डिनियाच्या राजाने काउंट केलं. तो उमराव झाला, पण ज्या लढायांमुळे झाला त्या सगळ्या मराठ्यांच्या झेंड्याखालच्या. शाँबेरीत त्याच्या दानातून दवाखाने आणि रस्ते झाले. १८३८ मध्ये त्याच्या स्मरणार्थ उभारलेल्या कारंज्यावर चार हत्ती आहेत.

त्याच्यानंतर आलेला पेरॉन खराखुरा फ्रेंच, पण त्याला नेपोलियनकडून ना किताब मिळाला ना पद. १८०३ च्या युद्धात त्याने इंग्रज सेनापती लेकची चिठ्ठी घेऊन शिंद्यांची साथ सोडली होती.

मराठ्यांच्या आणि निजामाच्या चाकरीतले फ्रेंच एकमेकांसमोर उभे राहिले ते मार्च १७९५ मध्ये, जामखेडजवळ खर्ड्याला. निजामाकडे रेमंडच्या पलटणी, मराठ्यांकडे पेरॉनच्या, आणि नागपूरचे दुसरे रघूजी आपली फौज घेऊन मराठ्यांच्या बाजूने हजर. रेमंडला निजामाने अझ्दरजंग असा किताब दिला होता. १७९८ मध्ये तो हैदराबादला वारला. मलकपेठच्या टेकडीवर त्याची समाधी आहे आणि त्याच्या फ्रेंच नावाचं लोकांच्या तोंडी ‘मूसा राम’ होऊन जवळच्या वस्तीचं नाव मूसारामबाग झालं. नागपूरकरांनी मात्र आपल्या कवायती पायदळावर फिरंगी सरदार नेमला नव्हता. इंग्रजांशी आडगावला आणि गाविलगडला झालेल्या लढायांत त्या पायदळाचं नेतृत्व बेणीसिंग या राजपूत सरदाराकडे होतं. डिसेंबर १८०३ मध्ये गाविलगडच्या तटावर लढताना तो पडला.

गाविलगड गेल्यावर दोन दिवसांनी, १७ डिसेंबर १८०३ रोजी, देवगावचा तह झाला. कटक गेलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड गेलं. या तहात आपल्या विषयाचं एक कलम आहे. सेनासाहेब सुभा यांनी कुणाही फ्रेंच माणसाला, तसंच इंग्रजांशी युद्ध असलेल्या कुठल्याही युरोपीय किंवा अमेरिकी सत्तेच्या प्रजेला चाकरीत घेऊ नये किंवा ठेवू नये. ज्यांच्याकडे फ्रेंच सेनापती नव्हता, त्यांच्याकडूनच हे वचन घेतलं गेलं. इंग्रजांना फ्रेंचांची धास्ती किती खोल होती ते यात दिसतं. त्याच मजकुरात राजांचा किताब जागोजाग पूर्ण लिहिलेला आहे. मुलूख काढून घेताना किताब मानाने लिहायचा, ही दिल्लीची आणि पुण्याची रीत इंग्रजांनी बरोबर उचलली होती.

किताबाच्या मुळाशी त्यांनी हात घातला तो नंतर. सीताबर्डीची लढाई झाली, नागपूरचे राजे आप्पासाहेब पदच्युत झाले, तिसरे रघूजी गादीवर आले, आणि १८२६ च्या तहात नागपूरकरांनी साताऱ्याच्या छत्रपतींशी असलेला संबंध आणि त्याबरोबरचे मानपान सोडावेत असं ठरवून घेतलं गेलं. सनद देणारी गादीच तोडल्यावर किताबाला आधार उरला नाही. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केलं. राजघराण्यातल्या बांकाबाई आणि राण्यांनी दत्तक घेतलेल्या जानोजींना इंग्रजांनी १८५७ नंतर वारस म्हणून मान्यता दिली, पण नागपूर दिलं नाही आणि सेनासाहेब सुभाही म्हटलं नाही. नवा किताब दिला देऊरच्या राजाबहादुरांचा. देऊर हे सातारा जिल्ह्यातलं गाव, नागपूर बघण्याच्या कितीतरी आधी भोसल्यांच्या या शाखेकडे तिथली पाटीलकी होती.